वेंडेलचा पिवळा मीटर

वेंडेल ह्रुश्का माझ्या कॅम्पवर कामाला आला त्याला या उन्हाळ्यात दहा वर्षं झाली. तळ्याकाठी माझ्या छत्तीस जागा आहेत. लोक आपापली चाकांवरची घरं ट्रकमागे जोडून येतात, आठवडाभर मासे धरतात, मक्याची कणसं भाजतात आणि जातात. प्रत्येक जागेवर कंबरेएवढा विजेचा खुंट आहे. घराची केबल त्यात खुपसली की आतला फ्रीज, एसी, दिवे सगळं सुरू. शेंबड्या पोराला जमेल एवढं हे काम, पण वेंडेल ते कुणाला परस्पर करू देईल तर शपथ.

पाहुण्यानं गाडी उभी केली रे केली की हा गळ्यात पिवळा मीटर अडकवून हजर. "थांबा. हात लावू नका." मग गुडघे टेकून खुंटाच्या भोकांत मीटरच्या दोन सुया घालणार, आकडा बघणार, चष्मा पुसणार आणि पुन्हा बघणार. एकशे वीस व्होल्ट, म्हणजे या घरांना लागतात तेवढेच, दिसले की म्हणणार, "हं, लावा." सकाळी तपासलेला खुंट संध्याकाळी नवा पाहुणा आला की पुन्हा तपासणार. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. कुणी मनगट पुढे करून विचारायचं, "डॉक्टर, माझीपण नाडी बघता का?" तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही.

अडॅप्टरांची बादलीही त्याच्याच ताब्यात. मोठ्या घरांच्या केबलला चार दात्यांचा जाडजूड प्लग असतो आणि माझ्या बहुतेक खुंटांना तीनच भोकं. मग मधे अडॅप्टर लावावा लागतो. दोन्ही टोकं जाड, मधला भाग बारीक, म्हणून आम्ही सगळे त्याला हाडूक म्हणतो. प्रत्येक हाडकावर वेंडेलनं माझंच नेलपॉलिश मागून नेऊन लाल आकडे घातलेत. हाडूक परत देताना पुसून दिलं नाही तर तो माणसाला तिथंच उभं करून पुसायला लावतो.

शुक्रवारी दुपारी माझं डोकं फिरायचं. गेटाबाहेर गाड्यांची रांग आणि हा आपला गुडघ्यांवर.

"अरे वेंडेल, लोक रस्त्यावर म्हातारे व्हायला लागले!"

"होऊ देत, जोलीन. म्हातारं व्हायला वीज लागत नाही."

शाळेत तो माझ्या भावाच्या वर्गात होता, म्हणून आमचं अरे-तुरे. चाळीस वर्षं त्यानं या तालुक्यातल्या घरांचं आणि गोठ्यांचं वायरिंग केलं आणि एक दिवस सगळं टाकून दिलं. का, ते कुणाला कळलं नाही. गुडघे दुखतात, एवढंच सांगायचा. आणि इथे दिवसभर गुडघ्यांवरच असायचा! हे मला कधी खटकलं नाही, याची आता लाज वाटते.

या जुलैत मी टेकडीवर सहा नव्या जागा काढल्या. वायरिंगचं काम गावातल्या डॅरिनला दिलं. डॅरिन घरांची कामं चोख करतो, माझ्या सुनेचं स्वयंपाकघर त्यानंच केलं. गुरुवारी सकाळी तो "झालं सगळं" म्हणून सांगून गेला. वेंडेल दाढ काढून घ्यायला गावात गेला होता आणि जाताना बजावून गेला होता, "मी आल्याशिवाय वरच्या खुंटांना कुणी शिवायचं नाही."

दुपारी दोन वाजता, आरक्षणाच्या एक दिवस आधीच, बर्गस्टाड जोडपं आलं. साउथ डकोटाचे, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. लेलँड ट्रकमधे बसून होता, नाकाला नळी. त्याची बायको आर्डिस चालत माझ्या ऑफिसच्या खिडकीशी आली.

"बाई, ह्यांच्या प्राणवायूच्या छोट्या यंत्राची बॅटरी संपत आलीय. ट्रकमधे चार्ज होते, पण ती वायर वाटेत तुटली. मोठं यंत्र घरात पलंगाशी बसवलेलं आहे. त्याला फक्त वीज पाहिजे."

"किती वेळ आहे?"

"वीस मिनिटं. कदाचित पंचवीस."

खाली एकही जागा मोकळी नव्हती. मी त्यांना टेकडीवर नेलं, घर उभं करवलं, लेलँडला धरून आत पलंगावर निजवलं. त्या चार पायऱ्या चढतानाच त्याचे ओठ निळसर दिसायला लागले. आता त्याला ऑफिसपर्यंत चालवत आणणं शक्य नव्हतं. त्यांचा प्लग चार दात्यांचा, माझ्या खुंटाला तीन भोकं. मी धावत जाऊन बादलीतलं सात नंबरचं हाडूक आणलं, त्यांच्या केबलला जोडलं आणि खुंटापाशी वाकले.

"जोलीन! हात काढ!"

वेंडेलचा ट्रक धूळ उडवत आला आणि दार उघडं टाकून तो पळत सुटला. एक गाल सुजलेला, तोंडात कापूस. येऊन सरळ माझ्या आणि खुंटाच्या मधे उभा राहिला.

"बाजूला हो," मी ओरडले. "आत माणसाचा श्वास अडकलाय!"

"म्हणूनच."

"तुझ्या त्या मीटरचं कौतुक नंतर कर रे! आज नको!"

"एक मिनिट, जोलीन. एकच."

मी त्याला अक्षरशः ढकललं. तो हलला नाही. माझ्याकडे न बघता गुडघ्यांवर बसला, सुया घातल्या. मग चष्मासुद्धा न पुसता त्यानं मीटर माझ्यासमोर धरला.

दोनशे चाळीस.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दुप्पट वीज! केबल लावली असती तर लेलँडचं मोठं यंत्र, ज्यावर आता त्याचा श्वास होता, डोळ्यांदेखत जळून गेलं असतं.

"माझी जागा," वेंडेल म्हणाला. "हाडूक आण."

वेंडेलचं स्वतःचं चाकांवरचं घर रस्त्यापलीकडच्याच जागेवर उभं असायचं. त्यानं आपली केबल खुंटातून उपटली, आमचं हाडूक तिथं आणलं, आपल्या ट्रकमधली लांब केबल मधे जोडली. तिथेही आधी सुया घातल्याच. एकशे एकोणीस. "हं, लाव." मी लावलं. घरातून यंत्राची घरघर ऐकू आली आणि मागोमाग आर्डिस दारात आली.

"सुरू झालं. हिरवा दिवा लागला."

"नक्की हिरवा?" वेंडेलनं विचारलं.

"नक्की."

"वास येतोय का कसला? जळल्यासारखा?"

"नाही हो."

"लेलँडना विचारा."

आतून लेलँडचाच बारीक आवाज आला, "लेलँड म्हणतोय, कॉफीचा वास यायला पाहिजे होता, तो अजून येत नाहीये."

माझा जीव भांड्यात पडला. मी गवतात फतकल मारून बसले आणि हसता हसता रडायला लागले. वेंडेल शेजारी बसला. त्याच्या घरातला एसी बंद पडला होता, बाहेर अंगाची लाही होत होती, आणि तोंडातला कापूस काढून हातात धरून तो मला सांगत होता. अकरा वर्षांपूर्वी बहिणीच्या कुरणात त्यानं पाहुण्यांसाठी तीन खुंट बसवले होते. ती तीन भोकं बघून त्याला कपडे वाळवायच्या मशीनचा प्लग आठवला. त्या मशीनला दोनशे चाळीस लागतात, म्हणून त्यानं तेवढी वीज सोडली. आयुष्यभर घरांत तेच केलेलं, हाताला वळण तेच. पहिलं जोडपं आलं, केबल लावली आणि अर्ध्या मिनिटात त्यांच्या घरातलं सगळं जळालं. ते दोघं बाहेर गवतात उभे होते, म्हणून वाचले.

"कुणाला काही झालं नाही ना मग?" मी म्हणाले.

"नाही. पण ती बाई म्हणाली, आम्ही घर विकून हे घेतलं होतं. त्यानंतर मी कुणाच्या भिंतीत वायर घातली नाही."

दहा वर्षं मी या माणसाला रांगेवरून टोमणे मारत होते. "मला माफ कर," मी म्हणाले. "अगं, तू ढकललंस त्यात दाढ दुखायची थांबली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डॅरिन आला तो आधीच तावातावात. नियमाप्रमाणे केलंय, तीन भोकांचं काम त्यानं शेकडो वेळा केलंय, वगैरे. मी भांडायच्या तयारीत होते. वेंडेल त्याला खांद्याला धरून टेकडीवर घेऊन गेला. तासाभरानं दोघं उतरले तेव्हा डॅरिनचा चेहरा पडला होता आणि आवाज खाली आला होता.

"चांगला झाडलास ना त्याला?" मी विचारलं.

"नाही. माझी गोष्ट सांगितली."

डॅरिननं दोन दिवसांत सहाही खुंट बदलले. बर्गस्टाड आठवडाभर राहिले. लेलँडनं तळ्यात एकही मासा धरला नाही, पण रोज संध्याकाळी आर्डिसच्या हातची कॉफी वेंडेलला पाजली.

मंगळवारी टेकडीवर पहिले नवे पाहुणे आले. वेंडेल घडीच्या खुर्चीवर बसला होता, मांडीवर कोलाचेचा, म्हणजे आलुबुखाराचं सारण भरलेल्या गोड पावांचा डबा. त्यानं गळ्यातला मीटर काढून माझ्या हातात दिला.

"तू बघ."

"मी?"

"डोळे आहेत ना तुला?"

मी गुडघे टेकले, सुया घातल्या. तो खुर्चीतून उठला नाही, मानसुद्धा वळवली नाही.

"किती?"

"एकशे एकवीस."

"मग लाव की. लोक ताटकळलेत," असं म्हणून त्यानं दुसरा कोलाचे उचलला.

मी केबल हातात घेतली. मग ती खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा बघितलं.