संकष्टीचा नैवेद्य आणि सुमित्राअक्का

सुमित्राअक्का जाधवांना मी पहिल्यांदा पाहिले ते बसच्या पायऱ्यांशी, हात आडवा धरून उभ्या असलेल्या. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्याची सहल आनेकल गावापलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका वाडीला निघाली होती. वाडी अजून मैलभर लांब होती, आणि अक्का सगळ्यांना तिथेच उतरायला सांगत होत्या.

"इथून चालत. गाडीचा आवाज वाडीत न्यायचा नाही."

मी विचारले, "अक्का, हत्ती नक्की दिसेल ना?"

"दिसू नये. आपण येऊन गेलो हे त्याला कळलंसुद्धा नाही, तर दिवस चांगला गेला म्हणायचं."

जंगल दाखवायला नेणाऱ्या बाईंच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झालो. त्या दिवशी हत्ती दिसला नाहीच. चिखलात उमटलेले ताटाएवढे पाऊल दिसले, आणि हत्तीच्या लिदीतून वर आलेले एक कोवळे रोप. अक्का जे. पी. नगरातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या रोपाशी गुडघे टेकून त्या अर्धा तास बोलल्या. मी बेळगावकडच्या खेड्यात, सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेला माणूस. इतके मन लावून कोणी शिकवताना मी त्या शाळेनंतर प्रथमच पाहत होतो. पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो, आणि जातच राहिलो. काही वर्षांनी पाहुण्यांना वाट दाखवण्याचे काम अक्कांनी माझ्याकडे सोपवले.

त्यांची पद्धत साधी पण कडक. ती वाडी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी कुटुंबांची. पाहुण्यांनी त्यांच्याच घरी जेवायचे, वाट त्यांच्याच माणसांनी दाखवायची, आणि जिने रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे उंडे, रांधले तिनेही पाहुण्यांच्याच पंगतीला बसायचे. एकदा काही तरुण मंडळी मोठा स्पीकर घेऊन आली. अक्कांनी तो हातात घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "जंगलाने तुमची गाणी ऐकली. आता स्वल्प त्याचं ऐका." मंडळी हसली, दहा मिनिटांनी गप्पही झाली. जनावराला खायला घालायचे नाही, हाक मारायची नाही, जवळ जायचे नाही, हे तीन नियम त्या प्रत्येक मुलाकडून म्हणवून घेत.

त्यांतला पहिला नियम मी मोडला. अक्कांच्या या गौरवग्रंथासाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी अक्कांना फोन करून म्हणालो, मला लिहायचा अधिकार नाही. त्या म्हणाल्या, "तेच लिही. बाकीचे गोड लिहितीलच की."

संकष्टीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी मी मुक्कामाला जात असे. वाडीबाहेर वडाखाली एक शेंदूर लावलेला दगड आहे. तिथे मी गुळाचा खडा आणि केळी ठेवू लागलो. माझ्या मनात ते जनावराला घालणे नव्हतेच; तो देवाचा नैवेद्य होता. सकाळी दगड स्वच्छ असे आणि शेजारी पाऊल उमटलेले. गणपतीने स्वतः येऊन घेतले, या भावनेने माझे डोळे भरून येत. मी कोणाला बोललो नाही. देवाच्या आणि आपल्या मधले बोलायचे कशाला, असे वाटे. पाच-सहा महिने हे चालले.

मग एका रविवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, हत्ती रत्नाबाईंच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून आत शिरला. आमच्या पाहुण्यांचे जेवण त्याच घरी होई. रत्नाबाई गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. अक्का आणि मी पोहोचलो तेव्हा त्या अंगणात उभ्या होत्या, हातात दुधाची चरवी घट्ट धरून. आत भांडी चेपलेली, आणि गुळाचा डबा मात्र उघडून चाटूनपुसून साफ केलेला.

अक्का डब्याकडे बघत राहिल्या. "रागीला तोंड लावलं नाही. सरळ गुळावर आलाय. ह्याला ही चव लावली कुणी?"

मी त्यांना बाजूला नेऊन सांगितले. वाटले, ओरडतील. त्या एवढेच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? भिंत माझी पडलीय का?"

वाडी जमली होती. लोक म्हणत होते, वनखात्याला बोलवा, हत्तीला पकडून न्या. माझ्या नैवेद्यापायी त्याला जन्मभर साखळदंड पडणार होता. मी रत्नाबाईंपुढे उभा राहून सगळे सांगितले. कोणीतरी म्हणाले, "भक्ती करायची तर आपल्या घरी कर की रे!" मी मान वर केली नाही.

यानंतर अक्कांनी जे केले ते आठवून मी आजही हादरतो. त्यांनी ना मला पाठीशी घातले, ना हाकलले. त्या रत्नाबाईंना म्हणाल्या, "पाहुणे यावेत की नाही, हत्ती राहावा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तुम्ही म्हणाल तर माझं काम आज बंद." अनेक वर्षांचे काम त्यांनी एका वाक्यात त्या बाईंच्या हाती ठेवले.

रत्नाबाईंनी चरवी खाली ठेवली. "अक्का, तो पुन्हा आला तर?"

"पावसाळा संपेपर्यंत पाहुणे नाहीत, वाडीत गूळ नाही, केळं नाही. मिळेनासं झालं की चव विसरेल, असं मला वाटतं. खात्रीने सांगू शकत नाही. तोवर मी तुमच्या घरी राहते."

"ह्या पडक्या घरात? ह्या वयात?"

"का, जड होईन?"

"तुमचं वजन आहेच किती!" रत्नाबाई त्या सकाळी पहिल्यांदा हसल्या. "सरी, ठीक आहे. पण पुन्हा आला तर मीच खात्याला बोलावणार."

अक्का खरोखरच राहिल्या. बिनगुळाची कॉफी प्यायल्या, रोज पहाटे कुंपणाशी बसल्या. भिंत मी आणि वाडीतल्या माणसांनी मिळून उभारली. मातीचे पहिले घमेले अक्कांनी माझ्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "दत्ता, ही तुझी पूजा."

हत्ती एकदा आला. उजाडता उजाडता वडाखाली उभा राहिला, दगडावरून सोंड फिरवली. रत्नाबाईंनी माझे मनगट धरले होते. तो पुष्कळ वेळ तसाच उभा होता. मग वळला आणि झाडीत गेला. त्यानंतर वाडीकडे आला नाही. पावसाळा सरल्यावर रत्नाबाईच म्हणाल्या, "बोलवा आता शाळेच्या मुलांना."

मुले आली की ही गोष्ट मीच सांगायची, असा अक्कांचा दंडक आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा अक्का मागे बसून ऐकत होत्या. एका मुलीने विचारले, "मग देव रागावला का?" अक्का म्हणाल्या, "त्याने रत्नाबाईंना गोठ्यात ठेवलं, हे बघ." त्यांना स्वतःला मी फारसे देवळात जाताना पाहिलेले नाही.

आता मी वडाखाली रिकाम्या हातांनी उभा राहतो आणि दोघांसाठी मागतो. सुमित्राअक्कांचे गुडघे बळकट राहोत आणि पुष्कळ वर्षे त्या आम्हांला असेच बसमधून खाली उतरवोत. आणि तो जो कोणी आत झाडीत आहे, त्यालाही तेवढेच आयुष्य लाभो. अक्का आमच्या जवळ राहोत. तो आमच्यापासून लांब राहो.