दारावरची सुकेळीची पाटी

आणीबाणीत आमच्या नंदाखालला माणसं बोलायच्या आधी मागे वळून बघत. माझे मिस्टर शाळेत मास्तर. नसबंदीच्या केसेस आणा नाहीतर पगार थांबेल, असा वरून हुकूम. हा हुकूम ते घरातसुद्धा कुजबुजत सांगत. आमच्याकडे एकच गोष्ट कुणाच्या हुकमाने चालत नव्हती, ती म्हणजे माझी सुकेळी. राजेळी केळी सोलायची, आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी टोपलीत झाकायची आणि शेवटी केळीच्या सुक्या पानात बांधून विकायची. कधी उलटायची, कधी उचलायची, हे मी ठरवायचे.

अशात एक सफारीवाला चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की दारात हजर व्हायला लागला. घ्यायचा दोन सुकेळी आणि चौकशा हजार. किती करता? ठेवता कुठे? मालक कोण? मेल्याला सुकेळी हवी होती की माझी कुंडली, देव जाणे!

"खबऱ्या आहे तो," मिस्टर म्हणाले. "विकणाऱ्याने भाव, साठा, मालकाचं नाव पाटीवर लावायचा हुकूम आहे, तुझ्या दाराला ती नाही. बंद कर हे. माझी नोकरी जाईल."

घाबरले मी, खोटं कशाला बोलू? वाळत घातल्याच्या चौथ्याच दिवशी सगळा माल उन्हातून उचलला, पत्र्याच्या डब्यांत कोंबला आणि माळ्यावर लपवला. सुकेळी करणाऱ्या बाईने ओलसर केळं डब्यात कोंबावं! लेकीने केलं असतं तर धपाटा घातला असता. रविवारी सकाळी डबे उघडले, तर वर पांढरी बुरशी आणि आंबूस वास. ना पोलीस आला, ना जप्ती. माझा माल मीच मातीत घातला होता. आधी रडले, मग असा संताप आला म्हणून सांगू! सफारीवाल्यावर नव्हे, स्वतःवर.

घरात शिकवणीचा छोटा फळा होता. त्यावर खडूने भाव लिहिला. साठा: आज नाही. मालक म्हणून मिस्टरांचं नाव टाकता येईना, मास्तराला धंद्याची बंदी. हात जरा थांबला. मग माझं नाव लिहिलं, पूर्ण. लग्नानंतर ते मी कुठेच लिहिलं नव्हतं.

मिस्सा सुटल्यावर आलेल्या सफारीवाल्याने दारावर टांगलेली ती पाटी वाचली, खिशातून वही काढली. तो खबऱ्या होता की नुसता गोडखाऊ, मला आजही ठाऊक नाही. मिस्टर दाराआडून खुणावत होते, पुस, पुस ते.

"नाव नीट उतरवून घ्या," मी म्हटलं, "आणि पुढच्या रविवारी या. माल तयार असेल."