तेलाविना चाळीस नग

खोका उघडला आणि मी हात मागे घेतला. आत चाळीस पितळी अडॅप्टर होते, एकेक कागदात गुंडाळून ओळीने मांडलेले. काम इतकं देखणं की दृष्ट काढावी. फक्त प्रत्येक नग तेलात बुडवून काढलेला होता. दुपारचा एक वाजला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या नव्या वॉर्डात पेशंट येणार होते.

मी मेडिकल गॅस पाइपलाइनचं काम करते. रुग्णालयात खाटेमागच्या भिंतीवर ऑक्सिजनचं आउटलेट असतं, तिथपर्यंत गॅस नीट पोचवणं हे माझं काम. आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतात, ऑक्सिजनच्या लाइनजवळ तेल न्यायचं नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले, तर पेटायला काडीसुद्धा लागत नाही. हेअर ऑइल लावून आलेल्या माणसालाही मी घरी पाठवलेलं आहे.

कोरोनाचा पहिला उन्हाळा होता. शहरात रुग्णालयाची एक इमारत बांधून तयार होती, पण सुरू झाली नव्हती. पाइपलाइन आमच्याच कंपनीने टाकलेली. साहेबांचा फोन आला, आठवड्यात चाळीस खाटांचा वॉर्ड चालू करायचाय. सरकारी ऑफिसांत मी पुष्कळ चपला झिजवल्या आहेत, त्यामुळे मी मनातल्या मनात हसले. पण त्या आठवड्यात ज्या सहीला महिना लागायचा ती जिन्यात उभ्याउभ्या मिळत होती. खाटा आल्या, गाद्या आल्या, सिलिंडर आले. कुणीतरी नर्सेसच्या राहण्याची सोयही करून ठेवली होती. त्या लोकांबद्दल मी आधी जे काही बोलले असेन ते मागे घेते.

गाडं अडलं ते फ्लोमीटरपाशी. फ्लोमीटर म्हणजे आउटलेटमध्ये बसणारी उभी पारदर्शक नळी. तिच्यातली छोटी गोळी जितकी वर, तितका ऑक्सिजन पेशंटला जास्त. सरकारने जिथे मिळाले तिथून घाईने फ्लोमीटर उचलले होते, आणि त्यांचं तोंड आमच्या आउटलेटला बसत नव्हतं. परदेशी प्लग आपल्या सॉकेटला बसत नाही, तसंच. मध्ये अडॅप्टर हवा होता, आणि बाजार तर कडेकोट बंद.

डॉक्टर देसाई वॉर्डाच्या प्रमुख होत्या. मी त्यांना म्हटलं, चार-सहा दिवस द्या. त्यांनी एक यादी पुढे केली. दुसऱ्या रुग्णालयातल्या खाटा भरत आल्या होत्या, तिथून आमच्याकडे कोणाला आणायचं त्याची ती यादी. पहिलंच नाव शिंदेकाकांचं. शिंदेकाका याच इमारतीचे वॉचमन. ती रिकामी होती तेव्हा दोन वर्षं तिथे त्यांच्याशिवाय कुणी नसायचं. आम्ही साइटवर गेलो की ते स्वतःचा डबा उघडून म्हणायचे, बसा, दोन घास खा.

"त्यांना आज तिथे कॉरिडॉरमध्ये सिलिंडर लावून ठेवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचे चार-सहा दिवस मी त्यांना कसे सांगू?"

मी दत्ताभाऊंना फोन लावला. दत्ताभाऊ चाकणच्या अलीकडच्या एका गावातले. वडिलोपार्जित शेताच्या कडेला पत्र्याची शेड, त्यात धातू कातायचे तीन लेथ. बावीस वर्षं गाड्यांच्या कंपन्यांना लोखंडी पार्ट पुरवतात. मी ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवलं. पितळेचा बार त्यांच्याकडे पडून होता. म्हणाले, नमुना घेऊन या, परवा दुपारी नग घेऊन जा.

नमुना घेऊन गेले, तर गावाच्या वेशीवर आडवी ट्रॉली आणि पुढे बाभळीच्या काटेरी फांद्या. उपरणी तोंडाला बांधलेली चार माणसं, पुढारी बबनतात्या. पिंपरी-चिंचवडहून आलेली गाडी बघून त्यांनी लांबूनच हात केला. नमुना प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायला लावला आणि फवारणीच्या पंपाने खुर्चीसकट धुऊन काढला. मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. निगडीत आमच्या सोसायटीने बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींनी मला सुचवलं होतं की काही दिवस बाहेर राहण्याची सोय झाली तर बघा. निदान बबनतात्या तोंडावर तरी सांगत होते.

ठरल्या दिवशी नग मिळाले. शब्दाला जागले दत्ताभाऊ. आणि आता हा खोका, आणि हे तेल.

मी फोन करून त्यांना फैलावर घेतलं. बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ड्रॉइंगवर काय लिवलं न्हवतं, मॅडम. पण मलाच इचारायला पायजे होतं. घिऊन या माघारी. माझ्या हातानं लागलंय, माझ्याच हातानं निघंल."

फोन ठेवून मी ड्रॉइंग उघडलं. मापं होती, आटे होते, धातू होता. तेलाबद्दल अक्षर नव्हतं. लेथवाल्यांची रीत अशी की नग तयार झाला की तेलात बुडवायचा आणि मगच बांधायचा, म्हणजे गंज चढत नाही. पितळेला तसा गंज चढत नाही, हे दत्ताभाऊंनाही ठाऊक होतं. पण बावीस वर्षांचा हात, तो आपोआप तेलाच्या डब्याकडे गेला.

पुन्हा गाडी काढली. रुग्णालयाच्या इमारतीत गीझर चालू नव्हते आणि हाताशी एकच फिटर होता, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. रस्ता इतका मोकळा की वीस मिनिटांत वेशीवर. दत्ताभाऊ ट्रॉलीपलीकडे उभेच होते. शेजारी त्यांची आई. मी अलीकडून सांगितलं, कडकडीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, प्रत्येक भोकात ब्रश, मग दोनदा स्वच्छ पाणी.

बबनतात्यांनी सगळं ऐकलं. हे नग कशासाठी, असं त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा विचारलं. मी शिंदेकाकांचं सांगितलं. ते वळून एकाला म्हणाले, "मंडळाचं मोठं पातेलं आन रं."

"पातेलं नगं," दत्ताभाऊंची आई म्हणाली. "म्हाप्रसादाचं हाय ते, किती बी घासलं तरी तेल सुटतंच. बाई तेल नगं म्हणत्यात. बंबाचं पाणी घ्या. माझ्या बंबात तेल कवा गेलं न्हाई."

मी इतकी वर्षं ज्यांना ऑक्सिजनची सुरक्षितता शिकवली, त्यांतल्या किती जणांना हे सुचलं असतं कुणास ठाऊक.

वेशीवरच घमेली मांडली. पाच घरांतले बंब पेटले, कळशीकळशीने पाणी येत राहिलं. नवे टूथब्रश किराणावाल्याने दिले. एकेका घमेल्यापाशी एकेक माणूस, मध्ये अंतर राखून. ज्यांनी मला वेशीच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते खाली मान घालून माझे नग घासत होते. एकदाच मला ओरडावं लागलं. नग लवकर वाळावेत म्हणून दत्ताभाऊंनी एअरगनची नळी ओढत आणली. कंप्रेसरच्या हवेतही तेल असतं. त्यांनी नळी टाकली आणि कपाळाला हात लावला.

ऊन उतरायच्या आत चाळीस नग धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर वाळले. या वेळी खुर्चीवर पंप चालवला नाही कुणी. बबनतात्यांनी खोका स्वतः माझ्या डिकीत ठेवला.

वॉर्डात परत आल्यावर मी प्रत्येक नग तेल नसलेल्या नायट्रोजनने फुंकला आणि आतून पांढरा कागद फिरवून डाग बघितला. तीन नगांना पुसट डाग होता, ते पुन्हा धुतले. फिटरने रबरी रिंगा चढवल्या, साबणाच्या पाण्याने गळती तपासली. चाळीसच्या चाळीस घट्ट.

सकाळी पहिल्या ॲम्ब्युलन्समधून शिंदेकाका उतरले. नर्सने मास्क लावला, नॉब फिरवला आणि नळीतली गोळी वर चढून थांबली. मी दाराच्या काचेतून बघत होते. थोड्या वेळाने काकांचे खांदे खाली आले. मला रडू आलं, आणि पीपीई किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत हे त्या दिवशी कळलं.

पुढे काका चालत घरी गेले. त्या दिवशी मी दत्ताभाऊंना फोन केला. काकांचं सांगितलं, त्यांच्या आईला नमस्कार सांगितला, सगळ्या गावाचे उपकार मानले. माझ्या हयातीत मी इतके आभार कुणाचे मानले नसतील. आणि ओरडल्याबद्दल माफी मागितली. चूक ड्रॉइंगची होती, म्हणजे माझी होती.

पलीकडे लेथ चालू होता. तो त्यांनी बंद केला.

"ते जाऊ द्या, मॅडम," ते म्हणाले. "म्होरल्या टायमाला लिवा, म्हंजे झालं."

तेव्हापासून लिहिते. मापांच्याही आधी.