यादीत नसलेल्या ताई

"टॅब पालथा ठेवा, मॅडम. आधी पाणी पिऊ."

कुठल्याही घराच्या ओट्यावर टेकलो की ताईंचं पहिलं वाक्य हेच. मग त्या माझ्या मांडीवरचा टॅब स्वतःच्या हातानं पालथा घालायच्या.

त्या गेवराई तालुक्यातल्या एका गावच्या आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या. मनाचं आजारपण आणि रोजचं काम यांचा संबंध शोधणाऱ्या पाहणीसाठी मी तिथं प्रश्न विचारत फिरत होते. तुम्हीही कधी अशी घरोघर पायपीट केली असेल, तर जाणताच : खरं काम वाट दाखवणारं माणूसच करतं.

"गेल्या दोन आठवड्यांत निराश वाटलं का?" मी वाचायचे. समोरची बाई नुसती बघत राहायची.

"असं न्हाई इचारायचं," ताई म्हणायच्या. "सकाळी उठल्यावर चूल पेटवू वाटती का गं?" आणि बाईच्या डोळ्यांना धार लागायची.

एका आजोबांना मी एकटं वाटतं का, असं विचारलं. "म्हातारी घरात असताना कसं वाटंल?" ते म्हणाले. ताई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत होत्या.

ऊसतोडीवरून परतलेल्या एका बाईला मी विचारलं, "मनाच्या त्रासानं महिन्यात किती दिवस काम बंद राहिलं?"

"एक बी न्हाई."

मी शून्य भरलं. बाहेर आल्यावर ताई चिडल्या. "शून्य म्हंजी ती बरी हाय व्हय? लेकरू गेलं, तवा तिसऱ्या दिशी फडात व्हती ती. कशापायी, ते इचारा की!"

त्याला रकाना नव्हता. काम बुडालं तर नुकसान, अशी आमची मोजणी. ज्यांना काम बुडवायची सोयच नाही, त्यांचं दुखणं त्यात सापडत नव्हतं.

शेवटच्या दिवशी शाळेच्या भिंतीच्या सावलीत आम्ही भाकरी खाल्ली. ताईंनी अर्धीच खाल्ली. म्हणाल्या, "माझा बी एक भरा की फॉर्म."

"तुमचं नाव यादीत नाही, ताई. सोबत फिरणाऱ्यांचा भरता येत नाही."

"तसंच इचारा मग. झोप लागती का, म्हणून."

"लागते का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. अजून चार घरं राहिली होती. आम्ही उठलो.

चार महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले, तर वाट दाखवायला दुसरीच बाई आली. तिच्याकडून कळलं. ताई लसीकरणाच्या दिवशी आल्याच नव्हत्या. नंतरही त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. नाटकं करते, असं घरचे म्हणत राहिले. शेवटी भाऊ येऊन त्यांना माहेरी, धर्मापुरीजवळच्या वस्तीवर घेऊन गेला. त्यांचं काम या नव्या बाईला दिलं होतं.

मी वस्तीवर गेले. ताई दारात बसल्या होत्या. केस बारीक कापले होते. ओळखलं की नाही, कळलं नाही.

"दवाखान्यात नेलतं," त्यांची आई म्हणाली. "गोळ्या संपल्या. परत न्यायला माझ्या पोराला कामावरून सोडीत न्हाईत." मग माझ्याकडे निरखून बघत तिनं विचारलं, "तुमी डाक्टर हाव का?"

"नाही."

"मग कोण हाव?"

मी ताईंच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो काढून घेतला नाही, धरलाही नाही.