ह्यूस्टन की शिकागो?

मागच्या वर्षी जानेवारीत मी लंडनमधल्या हॅरोच्या घराच्या मागच्या दारात बर्फावर घसरले आणि डावं मनगट मोडलं. मनगट यथावकाश जुळलं. पण मी कुठे राहावं हा प्रश्न त्या दिवसापासून माझा राहिला नाही, तो तुमच्या आईवडिलांचा झाला. रविवारच्या कॉलवर तुम्ही तिघं नातवंडं स्क्रीनच्या कडेने येत-जात होतात, त्यामुळे काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धवटच ठाऊक असेल. उरलेलं लिहून ठेवते.

कोण कुठे ते आधी सांगते, कारण तुम्ही हे वाचाल तेव्हा सगळे कदाचित भलतीकडेच असाल. मुलगा, सून आणि त्यांची मुलगी शिकागोच्या बाहेर. मुलगी, जावई आणि त्यांची दोन मुलं ह्यूस्टनला. आजोबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी एकटी, मेट्रोपॉलिटन लाइनच्या स्टेशनजवळच्या घरात, जिथे आजोबांची हॉस्पिटलची नोकरी आणि माझी शाळेच्या ऑफिसातली नोकरी दोन्ही सुरू होऊन संपली.

पहिल्यांदा कॅमेरा आला. मुलीने तो ऑनलाइन मागवला आणि हॉलमध्ये असा बसवून घेतला की स्वयंपाकघरही दिसावं. त्यातून बोलताही येतं, हे मला माहीत नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर एकदा मी स्टुलावर चढून डाळीचा डबा काढत होते, तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "आई, आधी खाली उतर!" ह्यूस्टनला अजून उजाडलंही नव्हतं. मी इतकी दचकले की पडले असते तर त्या आवाजानेच पडले असते. मग मी डबे कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कपाटात हलवले. आपल्याच घरात मूगडाळ लपवायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मग चर्चा सुरू झाली. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ.

"ह्यूस्टनला घसरायला बर्फच नाही, आई," मुलगी म्हणाली.

"आणि उन्हाळ्यात घराबाहेर पाय टाकता येत नाही," मुलगा म्हणाला. "आई काय एसीत कोंडून घेणार?"

"तुझ्याकडे बर्फात कोंडून घेईल! दादा, फेब्रुवारीत तू मला फोनवर काय काय बोलतोस ते सांगू का आईला?"

"आमच्याकडे ट्रेन आहे."

"हो, आणि ट्रेनपर्यंत जायला गाडी काढावी लागते."

"आमचं देऊळ तुमच्यापेक्षा मोठं आहे."

"आई देवळात कधी गेलीये?"

हे खरं होतं, त्यामुळे देवळाचा मुद्दा बाद झाला. मग जावई मधे पडले आणि म्हणाले, दोन्हीकडून डॅलस त्यातल्या त्यात सोयीचं. डॅलसमध्ये आपल्यापैकी कुणीही राहत नव्हतं. सुनेने सिॲटलचं नाव काढलं. तिची एक मैत्रीण तिथे असते. ढग, बारीक पाऊस, झाडं, सगळं अगदी लंडनसारखं.

"मग लंडनच काय वाईट आहे?" मी म्हटलं.

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी एकच प्रश्न विचारला होता. मला एकटीला कोथिंबीर आणायला जायचं असेल तर मी कशी जाईन? मग मुलगी म्हणाली, "अगं, मी आणीन ना. शनिवारी आठवड्याची एकदमच आणते मी." मुलगा म्हणाला, "ॲपवर मागवायची, आई. दारात आणून देतात."

माझं उत्तर त्यात आलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधीच मी गाडी चालवणं सोडलं होतं. इथे त्याने काही अडलं नाही. ज्येष्ठांचा फुकट प्रवासाचा फ्रीडम पास दाखवून बसमध्ये चढते, गुजराती दुकानात तीन जुड्या उलटसुलट करून चौथी घेते, मनात आलं तर तशीच पुढे लायब्ररीत जाते. यात मोठं काही नाही. पण निघताना कुणाला विचारावं लागत नाही आणि कुणाच्या शनिवारची वाट बघावी लागत नाही. तेवढंच माझ्याकडे उरलं होतं, आणि शहर कुठलंही ठरलं तरी तेच जाणार होतं.

"नको रे, मी इथेच बरी आहे," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं, आणि ह्यूस्टनच्या डॉक्टरांवर बोलू लागले.

पुढच्या रविवारी पुन्हा नको म्हटलं, त्याच्या पुढच्या रविवारीही. का उपयोग होत नाही ते मला लंडनच्याच हाउन्सलो भागातल्या मैत्रिणीने सांगितलं. ती निवृत्त नर्स, आजोबांच्याच हॉस्पिटलातली. दर एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाला मला हाताला धरून नेते आणि पहिल्या रांगेत बसवते. दर मंगळवारी आम्ही हॅरोच्या बाजारात भेटतो. ती दोन बस बदलून येते आणि वर मीच लांबून आल्यासारखं मला विचारते, दमलीस का.

"किती वेळा नको म्हणालीस?" तिने विचारलं.

"तीनदा."

"म्हणजे अजून काहीच म्हणाली नाहीस. तुझ्या घरी तीनदा नको म्हटल्यावरच तर पुरी पानात पडते. मी हात आडवा धरते, तर तू हातावर वाढतेस, बये!"

मी हसले, पण ते बरोबर होतं. आपल्या घरांत पहिलं 'नको' हे संकोचाचं. पाहुणा लगेच हो म्हणाला तर तो हावरट, आणि यजमानाने लगेच मानलं तर तो कंजूष. जेवण सुग्रास असो नसो, आग्रह हवाच. पन्नास वर्षं इंग्लंडात काढून मी दुसरं बरंच सोडलं, हे सोडलं नाही, आणि मुलांनाही तसंच वाढवलं. आता ती मला पानावर बसवून दोन बाजूंनी दोन शहरं वाढत होती. मी नको म्हणाले की त्यांना वाटे, आई संकोच करतेय, आपल्यावर भार नको म्हणून. जितकं जास्त नको, तितका जास्त आग्रह.

मेमध्ये मी ह्यूस्टनला येऊन गेले, ते तुमच्यातल्या दोघांना आठवत असेल. तुम्ही शाळेत गेलात तेव्हा मी छत्री घेऊन चालायला बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत फुटपाथ होता, पुढे तो संपला. मी गवतातून चालू लागले. एक गाडी थांबली. "आर यू ऑल राइट, मॅम?" मी ठीक आहे म्हटलं. दुसरी थांबली. तिसऱ्या गाडीतल्या बाईंनी मला बसवून घरी आणून सोडलं आणि तुमच्या आईला फोनही केला. सगळे इतके चांगले होते की रागही येईना. उरलेले दिवस मी तुमच्या खिडकीतून लोकांची कुत्री फिरताना पाहिली.

शिकागोच्या बाजूने मात्र बोलणं थांबलं, म्हणून मला वाटलं मुलाने विषय सोडला. त्याने घर घेतलं होतं. जुलैत त्याने फोन हातात धरून ते मला दाखवलं. खालच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, अंघोळीच्या जागी धरायला दांडे, खिडकीशी खुर्ची. "कशी वाटते?" त्याने विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. लेकाने हौसेने दाखवलेल्या खोलीला दुसरं काय म्हणतात? त्याने मात्र ते होकारात धरलं.

ऑगस्टमध्ये दारात एक बाई उभी राहिली, इस्टेट एजंटकडून आलेली. मुलाने फोन करून 'नुसता अंदाज' घ्यायला बोलावलं होतं. तिने लाल किरणाच्या यंत्राने खोल्या मोजल्या, आजोबांच्या खुर्चीला वळसा घालून. जाताना मला म्हणाली, तुम्ही वसंत ऋतूत जाणार ना, मग आत्तापासून जाहिरात करायला हवी. मी कुठे जाणार आहे ते तिला माहीत होतं.

त्या रविवारी मी इंग्रजीत बोलले. मुलांशी घरात मी कायम मराठीच बोललेय. इंग्रजी फक्त शाळेच्या ऑफिसासाठी, परीक्षेला उशिरा आलेल्या मुलांच्या पालकांसाठी. तोच आवाज मी काढला. म्हटलं, "आय हॅव डिसायडेड नॉट टू मूव्ह. नॉट टू शिकागो, नॉट टू ह्यूस्टन. प्लीज कॅन्सल द एजंट."

"आई, तू इंग्लिशमध्ये का बोलतेयस?" मुलीने घाबरून विचारलं.

"मराठीत तुम्हाला ऐकू येत नाहीये म्हणून."

मुलगी रडू लागली. मुलगा म्हणाला, "मग मी हे घर कुणासाठी घेतलं?"

मी म्हटलं, "तुम्हा तिघांसाठी."

"आम्हाला शहरात राहायला जायचं होतं, आई. तिथल्या मोठ्या तळ्याजवळ. चालत ऑफिसला जाता येईल असं. तुझ्यासाठी खाली खोली हवी म्हणून इतक्या लांब आलो. आता मी रोज दीड तास गाडीत असतो."

मला हे माहीत नव्हतं. आपल्याला चालत कुठे जाता यावं एवढंच मी मागत होते, आणि तेच त्याने माझ्यासाठी सोडलं होतं, मला न विचारता. मी त्याला हे म्हणू शकले असते. म्हटलं नाही. 'बरं, येते मग' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तो उठून गेला.

रिकाम्या खुर्चीत शिकागोची नात येऊन बसली. "आजी, बाबा गॅरेजमध्ये गेला. तू खाली खोलीत नाही राहणार, तर मी माझा ड्रम तिथे ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "पण बाबाला आज विचारू नकोस. उद्या विचार."

ड्रम आता तिथेच आहे असं कळलं. एजंटकडून कुणी आलं नाही पुन्हा. मुलगा दर रविवारी असतो कॉलवर. हवेचं विचारतो, गोळ्यांचं विचारतो. तळ्याचं आम्ही कुणी काढत नाही. मुलगी म्हणते, "तू म्हणशील तसं, आई," आणि मग दोघं कॉल आवरता घेतात. ते कशाची वाट बघतात ते मला कळतं. मी पुन्हा एकदा पडले की चर्चा संपेल. तेव्हा कुठल्याच भाषेतलं 'नको' चालणार नाही.

म्हणून मी पडत नाही. न पडणं हे आता माझं मुख्य काम आहे. मागच्या मंगळवारी पाऊस थांबला होता, पण बस स्टॉपपर्यंतच्या फुटपाथवर चिनारासारख्या झाडांची मोठी पानं ओली होऊन चिकटली होती. मी कोट घालून, पर्स घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथे उभी राहिले. मग आत येऊन कोट काढला आणि मैत्रिणीला फोन केला. ती पहिल्या बसमध्ये बसलीच होती.

"आज नाही जमत," मी म्हटलं.

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. बाहेर ओलं आहे."

"मग मीच येते तुझ्याकडे. दार उघडायला तरी उठशील ना?"

ती आली. आम्ही दुपारभर स्वयंपाकघरात बसलो. ती गेल्यावर मी दाराला कडी लावली, तेव्हा चारच वाजले होते आणि अंधार पडू लागला होता.