साखऱ्याच्या माळावरचं बोलणं

आधीच सांगते, मी वसमतला मेडिकल चालवते. नवरा आणि मी, दोघंही फार्मसी शिकलेलो. अंगात येणं, बाहेरचं लागणं, नजर... असलं ऐकून माझे कान किटलेत. तापानं फणफणलेलं लेकरू आधी कुठल्यातरी बाबाकडं नेऊन मग आमच्या काउंटरवर आणणारी माणसं मी नेहमी पाहते, आणि नेहमी त्यांच्यावर चिडते. त्यामुळं असा अनुभव लिहून पाठवायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. यात भूत नाही, सावली नाही, काळोख नाही. भर दुपारची गोष्ट आहे आणि त्यातल्या दोन्ही बायका आजही धडधाकट आहेत. तरी मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

आमचा मुलगा पुण्याला नोकरीला असतो, त्यामुळं त्याची मागची खोली रिकामीच होती. ओळखीच्या एका कॉलेजातले सर एकदा दुकानात आले आणि म्हणाले, "वहिनी, परदेशातली एक विद्यार्थिनी येतेय. हळदीच्या कामातल्या बायकांवर तिचा अभ्यास आहे. उन्हाळा संपेपर्यंत राहील. लॉजवर ठेवणं मला पटत नाही, घर पाहिजे." मी आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि तेवढ्यावर ठरलं.

ती आली ऐन थंडीत. आम्ही स्वेटर घालून बसलेलो आणि ही अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये. एस्टोनिया नावाचा देश — पार वर, रशियाच्या कडेला. मला तर तो नकाशात शोधावा लागला. नाव केर्तू. आमच्या गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याचं कीर्ती करून टाकलं आणि तिलाही ते आवडलं. मला ती काकू म्हणायची. जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः घासायची. ते बघून आमचे हे इतके लाजले, की तेही आपलं ताट उचलायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मला जे जमलं नव्हतं, ते तिच्यामुळं आपोआप झालं.

एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कीर्तीला मराठी येत नव्हतं. पाणी, बस, नको, थोडं, कितीला — एवढ्यावर तिचं भागायचं. आमचं आपसात इंग्लिशच चालायचं. माझं मोडकंतोडकं, तिचं चांगलं. फील्डवर सर किंवा त्यांच्या विद्यार्थिनी तिला भाषांतर करून द्यायच्या.

होळीनंतर ती बदलली. ताटात भाजी तशीच राहायची. फील्डवरून आली की खोलीचं दार लावून घ्यायची. डोळे लाल, सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, "ॲलर्जी. हळदीची धूळ." मलाही ते खरं वाटलं. हळद शिजवून, वाळवून पॉलिश करायचे ते दिवस, जिकडंतिकडं पिवळी धूळ. मी ॲलर्जीची गोळी दिली. तिनं मुकाट्यानं घेतली.

मग तो दिवस आला. सर त्यांच्या ग्रुपला घेऊन सेनगावकडं, साखऱ्याला गेले होते. हळदीच्या पट्ट्यातल्या बायका आणि कोरडवाहू गावातल्या बायका, अशी काहीतरी तुलना करायची होती. दुपारी मी दुकानात असताना सरांचा फोन आला.

"वहिनी, कीर्तीनं तुम्हाला फोन केला का?"

"नाही. काहून?"

"ती इथं नाही. मुलींना म्हणाली बरं वाटत नाही, जरा मोकळ्यावर बसते. त्यानंतर दिसलीच नाही. फोन बंद लागतोय."

माझ्या हातातली औषधाची पिशवी तशीच राहिली. आमच्याकडचा एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बर्फाच्या देशातली पोरगी, टोपी नाही, पाण्याची बाटली ग्रुपच्या गाडीत राहिलेली. आम्ही शटर ओढलं, गाडी काढली. ओआरएसची पाकिटं, ग्लुकोज, बर्फाची पिशवी, जे हाताला लागलं ते घेतलं. औंढा गेलं, हिंगोली गेली, सेनगाव गेलं. तिच्या आईला काय तोंड दाखवायचं, एवढाच विचार डोक्यात होता. हे गाडी दामटत होते.

साखरा अजून थोडं पुढं होतं. डाव्या हाताला माळावर मेंढरं दिसली आणि ह्यांनी एकदम ब्रेक मारला. एका कडुलिंबाखाली कीर्ती बसली होती. डोक्याला लुगड्याचं ओलं फडकं बांधलेलं, मांडीवर कोकरू, हातात भाकरीचा तुकडा. शेजारी एक बाई — माझ्याहून थोडी मोठी, रापलेली, हातात काठी.

मी धावतच गेले. नाडी पाहिली, जीभ पाहिली. थकलेली होती, पण शुद्धीवर होती, घाम येत होता. म्हणजे धोका टळला होता. मी ओआरएस कालवायला घेतलं तेवढ्यात ती बाई मला म्हणाली,

"तुमचीच का पोरगी?"

"हो. आमच्याकडं राहते."

"मग एकली काहून सोडली उन्हात? आजी गेली तिची, अन् तुमी तिला गावोगाव हिंडवून राहिले."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "कोणाची आजी?"

"हिचीच की. जिनं लहानाची मोठी केली ती. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी कीर्तीला इंग्लिशमध्ये विचारलं, तुझी आजी... तिनं मान खाली घातली आणि हो म्हणाली. तिला ही बातमी होळीच्या सुमाराला समजली होती. अंत्यविधीला पोहोचणं शक्य नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही सगळ्यांनी अभ्यास बंद करून तिला घरी पाठवलं असतं, अशी तिला भीती होती. म्हणून तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. सरांना नाही, बरोबरच्या मुलींना नाही, मला नाही.

मी त्या बाईला विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. रडून राहिली व्हती त्या बाभळीखाली, ओकत व्हती. म्या म्हणलं काय झालं गं, तं बोलली सगळं."

"कोणत्या भाषेत?"

बाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही ऊन मलाच लागलंय. "कोणत्या म्हणजे? आपल्या. साफ बोलती की पोरगी."

तेवढ्यात सर आले, गडबड झाली आणि आम्ही निघालो. बाईचं नाव मथुराबाई, एवढं विचारून घेतलं. गाडीत कीर्ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. हिंगोली मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "काकू, त्या बाई आमची भाषा कुठं शिकल्या?"

मी पुन्हा तिची नाडी पाहिली.

"मी खरंच विचारतेय. त्या माझ्याशी एस्टोनियन बोलत होत्या. शहरातली नाही, आमच्या बेटावरची. तिथली माणसं थोडं वेगळं बोलतात, माझी आजी बोलायची तसं. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. त्या बोलल्या, मी बोलले. आत्ता गाडीत तुमचं मराठी ऐकून वाटलं, अरे, मला तर मराठी येतच नाही."

आमच्या ह्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी तिला विचारलं, काय बोलल्या त्या? ती सांगत गेली. मथुराबाई मेंढरं घेऊन पैनगंगेच्या पलीकडं गेलेल्या असताना इकडं त्यांची आई वारली. निरोप पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मग त्यांनी तिथंच नाल्यावर अंघोळ केली, भाकरीचा पहिला घास दगडावर ठेवला आणि आईला तिच्या नावानं एकदा जोरात हाक मारली. कीर्तीलाही त्यांनी तसंच करायला सांगितलं. "मी आजीला नावानं हाक मारली, काकू. खूप मोठ्यांदा. मग त्या म्हणाल्या, आता खा. आणि मी खाल्लं."

त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली. कित्येक दिवसांनी.

आम्ही नवरा-बायकोंनी आपसात बरंच डोकं लढवलं. ऊन डोक्यात गेलं की माणसाला भास होतात, हे आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो. पण मथुराबाई तर ठणठणीत होती, तिला कसला भास? हे म्हणाले, रडणारी पोरगी बघून बाईनं अंदाजानं सांगितलं असेल. मी म्हटलं, आजीच गेली हा अंदाज? आणि पैनगंगेपलीकडची गोष्ट हिला कशी कळली?

म्हणून थोड्या दिवसांनी, कीर्तीला बरं वाटल्यावर, आम्ही तिघं पुन्हा साखऱ्याला गेलो. आभार मानायचे होते, म्हणून लुगडं-चोळी घेतली होती. गावात विचारत विचारत मथुराबाईची मेंढरं गाठली. दोघी एकमेकींना बघून इतक्या खूश झाल्या! कीर्ती पळत जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि तिच्या भाषेत भराभरा बोलायला लागली.

मथुराबाई हसत हसत थांबली. माझ्याकडं वळली. "काय म्हणून राहिली ही?"

मग ती कीर्तीला म्हणाली, "बरी हायेस का माय?" आणि कीर्तीनं माझ्याकडं पाहिलं. तिलाही कळलं नव्हतं. दोघी पुन्हा बोलल्या, हळू बोलल्या, खुणा केल्या. काही नाही. दोघींचे चेहरे बघण्यासारखे झाले.

मी मथुराबाईला जरा बाजूला सावलीत घेऊन बसले. मला काय काय माहीत आहे हे मुद्दाम बोलले नाही. फक्त विचारलं, त्या दिवशी काय बोलणं झालं? तिनं आईचं, नाल्याचं, हाक मारायचं, सगळं सांगितलं. कीर्तीनं गाडीत सांगितलं होतं तसंच. मग म्हणाली,

"तिच्या आजीचं घर पाण्यात हाय म्हणं, चहूकडून समिंदर. अन् थंडीत तो समिंदर गोठतो. मंग त्याच्यावरून रस्ता करतेत अन् गाड्या चालतेत. आजी तिला तसंच गाडीत घालून शाळंला न्यायची. म्या मनात म्हणलं, फेकून राहिली का काय पोरगी?"

मलाही ती थापच वाटली. समुद्रावरून गाडी? मी कीर्तीकडं गेले आणि विचारलं. तिनं मोबाइल काढला, फोटो शोधला. पांढराशुभ्र सपाट समुद्र, त्यावर रस्त्याच्या खुणा रोवलेल्या, आणि एका जुन्या गाडीला टेकून उभी असलेली म्हातारी. महिनोन्महिने माझ्या घरात राहिलेल्या मुलीनं मला हे कधी सांगितलं नव्हतं.

मथुराबाईनं फोटो पाहिला. "हां. हीच आसंल." तिनं लगेच मोबाइल परत दिला. मग मला म्हणाली, "ताई, तुमी औषधाच्या दुकानवाल्या ना? मला काय झालं तर न्हाई ना? डोस्क्याची काय तकलीफ आसंल तं गोळी द्या." ती खरोखर घाबरली होती. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, काही झालेलं नाही तुम्हाला.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, योगायोग असेल, हावभावांवरून बरंच कळतं. असेल. पण गोठलेला समुद्र हावभावांनी कसा दाखवायचा, हे मी त्यांना विचारलं तर ते चहा पीत राहिले. आता आम्ही त्याच्यावर वाद घालणं सोडलंय.

कीर्तीनं अभ्यास पूर्ण केला आणि ठरल्या वेळी परत गेली. जायच्या आधी तिच्या आईचा व्हिडिओ कॉल झाला. मुलगी एवढ्या लांब एकटी दुःखात होती आणि कोणीतरी तिला जवळ घेतलं, म्हणून ती माउली माझे आभार मानत होती. मी म्हटलं, ते मी नव्हते. तरी ती मानतच राहिली. आपण मात्र कोणाचे आभार मानायचे हे मला नीट कळत नाही. देवाचे म्हणावं तर मी तशी देवभोळी नाही. म्हणून मी मथुराबाईचेच मानते. आमच्या घरातलं एक लेकरू त्या दुपारी कायमचं हातचं जाणार होतं, ते तिनं पाणी पाजून, भाकर खाऊ घालून परत दिलं. तेवढं तरी मला समजतं.

आम्ही अधूनमधून साखऱ्याला जातो. मथुराबाईच्या गुडघ्यांना लावायला मलम नेते. गेलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगी काय म्हणती?" मग मी कॉल लावून मोबाइल तिच्या हातात देते. दोघी एकमेकींना डोळे भरून बघतात, आपापल्या भाषेत काहीबाही बोलतात, एक अक्षर कळत नाही, आणि मग दोघी हसत हसत माझ्याकडं बघतात. मी मेंढरांच्या कडेला बसून इकडचं तिकडं सांगत राहते.