मिस्तरीची भंगारातली गाडी

बंद पडलेली वस्तू दिसली की मिस्तरीच्या तोंडाला पाणी सुटायचं. आम्ही मुली भेळेच्या गाडीपाशी थांबायचो, ती भंगारवाल्याच्या हातगाडीपाशी. वसतिगृहात कुणाचा हेअर ड्रायर जळला, कुणाची इस्त्री गेली, की मालकिणीच्या आधी हिला बातमी. "फेकू नको वं, कामले येई," असं आपल्या अहिराणीत म्हणत ती वस्तू ओढणीत गुंडाळून खोलीवर आणायची. ती खोली दुर्दैवाने माझीही होती.

आम्ही दोघी जळगावच्या एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होतो. वर्गात मुली सहाच. ती साक्रीच्याही पलीकडची, पिंपळनेरजवळच्या खेड्यातली. मी धुळ्याची, शिक्षकाची मुलगी, पहिल्या नंबराची सवय झालेली. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने मेसचा बंद मिक्सर चमच्याच्या दांड्याने उघडून चालू केला आणि मेसच्या अक्कांनी तिला 'मिस्तरी' करून टाकलं. तेव्हापासून तिच्या ताटात एक पोळी जास्त पडायची. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून. पोळीचं काही नव्हतं हो. मीही रोज त्या मिक्सरसमोरून जात होते आणि तो उघडावा असं मला वाटलंच नव्हतं.

तिची कामाची रीत मला पाठ आहे, कारण मी पुस्तकाआडून तीच बघत बसायचे. वर्तमानपत्र पसरायची, वस्तू मधोमध ठेवायची आणि निघालेला एकेक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने पंगतीत मांडायची. मोटर असली की तिचा दांडा बोटाने फिरवून ती कानाशी धरायची. मी मीटर घेऊन तयार असायचे, तर म्हणायची, "पहिले ऐक, मंग उघाड." मी ऐकून बघितलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "हो, बेअरिंग गेलंय." तिने माझ्याकडे बघितलं आणि मोटर पुन्हा आपल्या कानाशी धरली, हे तर जास्तच झोंबलं.

शेवटच्या वर्षी वर्कशॉपच्या सरांनी सांगितलं की धुळ्याला रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत आहे, पाच-सहा कॉलेजं येणार आहेत आणि आपल्याकडून एकच गाडी जाईल. धुळ्याला, म्हणजे माझ्या गावात! माझे अप्पा, काका, शेजारचे जोशी नाना, सगळे मैदानाच्या कडेला उभे असणार. मी त्याच संध्याकाळी घरी फोन केला. अप्पांनी पुण्याहून गाडीचं तयार किट मागवलं. सोबतच्या कागदावर आकडे होते, त्या आकड्यांप्रमाणे मी दोन दिवसांत गाडी जोडली. लाल रंग, मऊ टायर, सगळं चकचकीत. किटात काही जास्तीचे सुटे भागही होते, ते मी डब्यात नीट ठेवले.

मिस्तरीला दीड महिना लागला. गाडीचा सांगाडा तिने घरच्या शेतातल्या ठिबकच्या जाड नळ्यांचा केला. मोटर एका सुताराने टाकून दिलेल्या ड्रिल मशीनची. स्टिअरिंगला प्रिंटरमधली दातेरी चाकं, बॅटरी मेलेल्या लॅपटॉपमधल्या जिवंत सेलांची, टायर जुन्या स्लिपरांचे गोल कापलेले. रिमोट आणि वेग कमी-जास्त करणारं सर्किट तिला एका मोडक्या खेळण्यात मिळालं होतं. वरचं कव्हर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं आणि सर्किटावर झाकण म्हणून टिफिनचं झाकण. दिसायला अगदी ध्यान. मुली हसल्या, मीही हसले, सगळ्यात मोठ्याने.

मग आम्ही दोन्ही गाड्या कॉलेजमागच्या काळ्या मातीच्या मैदानात नेल्या. माझी लाल गाडी बाणासारखी सुटली आणि पहिल्याच भेगेत चाक अडकून उलटी झाली. तिचं ध्यान डुगडुगत आलं, त्या भेगेत उतरलं, वर चढलं आणि पुढे गेलं. पलीकडच्या टोकाला जाऊन वळून परत आलं. आता हसणाऱ्या मुली टाळ्या वाजवत होत्या. मिस्तरीने माझी गाडी उचलून फुंकर मारून माती झाडली आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "गाडी भारी शे तुनी. उघाडीसन देखी का कधी?"

मी म्हटलं, "उघडायला ती बिघडलेली नाहीये." त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. अप्पांना काय सांगायचं होतं मी? की स्लिपरांच्या टायरांनी मला हरवलं?

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये दरवर्षी पूजा असायची. लेथला, ड्रिलला, हातोड्या-करवतींना झेंडूची फुलं, हळदकुंकू. नवीन मशीन आलं असेल तर त्याच्यापुढे नारळ फुटायचा आणि त्यातलं पाणी बोटांनी त्याच्यावर शिंपडायचं, अशी तिथली पद्धत. त्या वर्षी सरांनी दोन्ही गाड्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. मिस्तरीने आपल्या गाडीचे दिवे लावून ठेवले होते. पूजेच्या वेळी मशीन झोपलेलं नको, असं तिचं म्हणणं. पत्रा काढून ठेवलेला. सकाळी तिने एक वायर बदलली होती आणि सर्किटावरचं टिफिनचं झाकण बाजूलाच राहिलं होतं. ते मला दिसलं. तिला दिसलं नाही, कारण ती नारळ घेऊन माझ्याकडे येत होती.

"तू फोड," ती म्हणाली. "तुना हातले यश शे."

हे ती मनापासून बोलली. माझ्या हातून फुटलेल्या नारळाने आपली गाडी धुळ्याला जाईल असं तिला खरंच वाटत होतं. मी ऐरणीवर नारळ फोडला. माझ्या गाडीवर बोटाने दोन थेंब शिंपडले. मग तिच्या गाडीपाशी आले आणि हातातली अख्खी वाटी उपडी केली. फस्स आवाज झाला. धुराची बारीक रेघ वर गेली, दिवे विझले. सर म्हणाले, "अरेरे." मीही "अरेरे" म्हणाले. मिस्तरी गाडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "झाकन मी लायंच नही."

कुणी तिला दोष दिला नाही, मला तर नाहीच. नारळाचं पाणी उडतंच, असं सगळ्यांनी धरलं. तिने गाडी उघडून वाळवली, पण ते सर्किट जळालं होतं. माझ्या डब्यात किटाबरोबर आलेलं तसलंच एक सर्किट पडून होतं. मी दिलं नाही. तिने मागितलंही नाही, कारण असं काही माझ्याकडे आहे हे मी तिला कधी कळूच दिलं नव्हतं. त्याच्या जागी तिने रिमोटने चालू-बंद होणारं साधं बटण जोडलं. गाडी एक तर पूर्ण वेगात पळायची नाही तर थांबायची. दसऱ्यानंतरच्या निवडीत ती पहिल्याच वळणावर भिंतीला धडकली. माझी लाल गाडी धुळ्याला निघाली.

मिस्तरी आमच्याबरोबर मदतनीस म्हणून आली. तिने आपली गाडीही पिशवीत घातली होती, का ते मला तेव्हा कळलं नाही. धुळ्यात सरावाच्या वेळीच माझी मोटर जळली. अप्पा, काका, जोशी नाना कडेला उभे, आणि मी जळका वास हुंगत बसलेली. मिस्तरी शेजारी येऊन बसली. तिने आपली गाडी पिशवीतून काढली आणि सरळ मोटरचे स्क्रू सोडवायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"मनी गाडी आते कठे पयी ऱ्हायनी?" ती म्हणाली. तिची गाडी तर आता पळणार नव्हतीच. "लाव तू."

दोन्ही मोटरांच्या स्क्रूंचं अंतर एकच निघालं. सुताराच्या ड्रिलच्या मोटरवर माझी गाडी दुसरी आली. अप्पांनी पेढे वाटले. तेवढ्यात सर सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी छान पळाली. पण मोटर कुणाची होती, ते सांगा बरं!" सगळ्यांनी मिस्तरीकडे बघून टाळ्या वाजवल्या. कप माझ्या हातात होता आणि खरं सांगते, उपकार वगैरे काही मनात आलं नाही. तेव्हाही मी जळतच होते.

आता मी जळगावातल्या एका कारखान्यात ड्रॉइंग करते. मिस्तरीने पिंपळनेरला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान टाकलंय. दर रविवारी आसपासच्या पाड्यांवरच्या मुली तिच्याकडे येतात आणि भंगारातून रिमोटच्या गाड्या करतात. त्याचे व्हिडिओ ती फोनवर टाकते. मी लाइक करत नाही. बघते मात्र तीन-तीनदा. कपाशीच्या दोन ओळींमधून जाणारी फवाऱ्याची गाडी बघितली तेव्हा तर मला दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. माझ्या एवढ्या ड्रॉइंगांमधून एकही वस्तू अशी चालत गेलेली मी पाहिली नाही.

मागच्या महिन्यातल्या व्हिडिओत ती मुलींना सांगत होती, "पहिले झाकन लावा. मी एकदाव लायं नही, मनी गाडी मरी गयी. चूक मनीच व्हती." मुली माना डोलवत होत्या. एकीने ते वहीत लिहूनही घेतलं.

ते लिहून घेणं माझ्याने बघवलं नाही. मी फोन लावला. आधी पाऊसपाणी, अप्पांची तब्येत, सगळं झालं. मग मी म्हटलं, "मिस्तरी, झाकण उघडं आहे हे मला दिसलं होतं. पाणी उडालं नाही. मी ओतलं."

पलीकडे कुठलासा पंप चालू होता, तो तिने बंद केला.

"मुद्दाम?"

"हो."

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्याही होत्या.

"मंग इतला वरीस मी पोरीस्ले काय सांगी ऱ्हायनी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बठ्ठ्या पोरीस्ले सांगं मी, चूक मनी शे."

"मिस्तरी, माझं ऐक..."

"ठेव आते. गिऱ्हाईक उनं शे."

त्यानंतर मी चारदा फोन केला. रिंग पूर्ण वाजते, ती उचलत नाही. व्हिडिओही तेव्हापासून एकही आलेला नाही. रविवार आला की मी सकाळपासून फोन हातात धरून बसते.